आपल्या शाळेत, बुधवारी, आपल्याच बाकावर

22 जानेवारी 2025, बुधवार. पहाटे सव्वाचारला माझा फोन वाजला. आमच्या बारावी सायन्सच्या एका मुलीच्या आईचा होता. "टीचर, स्कूटर सुरू होत नाही, काय करू?" मागून तिचा बाबा किक मारतोय तो आवाज येत होता, कुत्रं भुंकत होतं, नि त्या सगळ्यात ती पोरगी अगदी गप्प. त्या दिवशी तिची जेईई मेन होती, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची परीक्षा, सकाळची शिफ्ट, सेंटर मडगावच्या बाजूला. घर वाळपईच्या पलीकडे, म्हादईच्या काठाला. पेपर नऊला पण गेट साडेआठला बंद, एकदा बंद झालं की झालं, मग वर्षभर अभ्यास केलेला असो नाहीतर नसो.

मी नवऱ्याला उठवलं नि आम्ही गाडी काढली. जानेवारीत आमच्याकडे पहाटे एवढं धुकं असतं की होंड्याच्या अलीकडे तर पुढचा रस्ताच दिसत नव्हता. ती मागच्या सीटवर बसलेली, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत अॅडमिट कार्ड, आधार कार्ड, एक फोटो, पारदर्शक पेन नि लेबल काढलेली पाण्याची बाटली. आईने उंडा नि आम्लेट बांधून दिलेलं ते तिने खाल्लंच नाही. अॅडमिट कार्डावर अंगठ्याचा ठसा घ्यायचा असतो, तो घरी शाईच्या पॅडवर घेतलेला आणि शाई तिच्या अंगठ्याला तशीच राहिलेली, ती सगळा रस्ता तो अंगठा ओढणीला पुसत होती. फोंड्याला उजाडलं. आम्ही आठ वाजून वीस मिनिटांनी पोचलो. गेटातून ती अक्षरशः धावत गेली, मागे वळून बघायलाही वेळ नव्हता.

बारा वाजता बाहेर आली तेव्हा पहिलं वाक्य काय तर "टीचर, पहिली वीस मिनिटं मला काही दिसलंच नाही." स्क्रीन चालू होती, प्रश्न समोर होते, पण हात थरथरत होते. तीन तासांत 75 प्रश्न, 300 मार्कांचा पेपर, चुकलं की मार्क कापतात, त्यात वीस मिनिटं म्हणजे काय हे ज्याने असा पेपर दिलाय त्याला विचारा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत तिचं फिजिक्सचं प्रॅक्टिकल होतं. मी बॅच बदलून तिला दुपारी घेतलं, पण तेही आपल्याच शाळेचं होतं म्हणून जमलं.

मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीत गेली 19 वर्षं मॅथ्स शिकवते. हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे त्याच वर्षी एप्रिलमध्ये माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीनेही परीक्षा दिली. बहीण अमेरिकेत मिशिगनला असते. भाची तिथे अकरावीत, तिची एसएटी होती. एसएटी म्हणजे तिकडच्या कॉलेजांच्या अॅडमिशनसाठी देतात ती परीक्षा, 1926 पासून चालू आहे, 1600 पैकी मार्क. मी आदल्या रात्री फोन करून तिला नेहमीच्या मावशीसारखं सगळं विचारलं, सेंटर कुठे, किती वाजता निघणार, सोबत कोण. ती हसायला लागली. म्हणाली, "मावशी, शाळेतच आहे ना. बसने जाणार रोजच्यासारखी."

मला आधी कळलंच नाही. मग बहिणीने समजावलं. एसएटी शनिवारीही होते, त्याला आपण स्वतः फॉर्म भरायचा, तेव्हा साधारण 68 डॉलर फी होती ती भरायची नि जे सेंटर मिळेल तिथे जायचं, म्हणजे आपल्यासारखंच. पण त्याशिवाय 'स्कूल डे' म्हणून एक प्रकार आहे. शाळेच्या दिवशी, शाळेच्या वेळात, आपल्याच शाळेत, आपल्याच शिक्षकांच्या देखरेखीखाली तीच परीक्षा. मिशिगनमध्ये तर सरकारी शाळांतल्या अकरावीच्या सगळ्या मुलांना ती अशीच द्यायची असते नि फी सरकार भरतं. 2007 पासून ते एसीटी नावाची दुसरी परीक्षा अशी शाळेत घ्यायचे, 2016 पासून एसएटी घेतात. वेगळा फॉर्म भरायला नको, सेंटर शोधायला नको, कोणाला गाडी काढायला नको.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे रात्र झाली होती तेव्हा तिचा फोन आला, परीक्षा देऊन शाळेच्या कॅन्टीनमध्ये जेवत होती. दोन तास चौदा मिनिटांचा पेपर, आधी इंग्रजीचे दोन भाग, मध्ये दहा मिनिटं ब्रेक, मग मॅथ्सचे दोन भाग. सगळं लॅपटॉपवर, ब्लूबुक नावाच्या अॅपमध्ये. पहिल्या भागात कसं केलं त्यावरून दुसरा भाग सोपा येणार की कठीण ते ठरतं. मॅथ्स माझा विषय म्हणून मी जरा खोदून विचारलं तर सगळ्या मॅथ्सला कॅलक्युलेटर चालतो, तो स्क्रीनवरच असतो, ग्राफसुद्धा काढून देतो. ते ऐकून माझ्यातल्या मॅथ्स टीचरला जरा टोचलं, पण तो वेगळा विषय.

मी विचारलं, घाबरलीस का? तर म्हणे, "त्यात काय मावशी, शाळाच होती."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण आमची ती मुलगी हुशारीने माझ्या भाचीपेक्षा तसूभरही कमी नाही. मी दोघींनाही शिकवलंय, भाची सुट्टीत येते तेव्हा माझ्याकडेच बसते, म्हणून मी हे खात्रीने सांगते. एकीची सकाळ शाळेच्या बसमध्ये गेली नि दुसरीची धुक्यात, पिशवी घट्ट धरून. पेपर सुरू होताच त्या दुसरीची वीस मिनिटं गेलेली.

मग मी वाचायला लागले. मला सवय आहे, एखादी गोष्ट लागली की पुरतं वाचल्याशिवाय सोडत नाही. मिशिगनवरच एक अभ्यास मिळाला, जोशुआ हायमन म्हणून एक अर्थशास्त्रज्ञ आहेत त्यांचा, 2017 साली छापून आलेला. परीक्षा सक्तीची नि शाळेतच झाली तेव्हा काय झालं हे त्यांनी तपासलं. आधी जी मुलं आपणहून परीक्षा द्यायची त्यांचे मार्क होतेच. आता जी मुलं कधीच दिली नसती त्यांचेही मार्क हातात आले. तर गरीब घरातल्या, कॉलेजला जाण्याइतके मार्क मिळवणाऱ्या प्रत्येक दहा मुलांमागे आणखी पाच मुलं अशी निघाली की ज्यांनाही तेवढेच मार्क पडू शकतात पण ती परीक्षेलाच बसली नसती. दहाला पाच! मी ते दोनदा वाचलं. नुसती परीक्षा शाळेत आणल्याने ही सगळी पोरं कॉलेजात गेली असं मात्र नाही हां, कॉलेजला जाणाऱ्यांचा आकडा थोडासाच वाढला, कारण पुढे फी आहे, घरची परिस्थिती आहे, सांगणारं कोणी नसणं आहे. पण निदान ती आहेत हे तरी कळलं. आपल्या वर्गातली अशी पाच पोरं कोण, हे मला माहीत आहे का, असा प्रश्न मला त्या रात्री पडला आणि खरं सांगते, उत्तर नव्हतं.

गोवा लहान आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला दोन-तीन तासांत जातो, मग अडचण कसली, असं पणजीत राहणारी माणसं म्हणतात. गाडी असेल तर बरोबर आहे. पण पहाटे साडेचारला वाड्यावरून कदंबाची सरकारी बस नसते हो. नि नीट, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशाची परीक्षा, तर नेहमी रविवारी असते, रविवारी आमच्या बाजूच्या बसेस आणखी कमी. इतर दिवशी मुलं बालरथातून येतात. बाहेरच्यांसाठी सांगते, बालरथ म्हणजे सरकारी योजनेतली शाळेची पिवळी बस, आमच्याकडे हायस्कूल नि हायर सेकंडरी एकाच आवारात असल्यामुळे मोठी मुलंही त्यातूनच येतात. रविवारी बालरथ बंद. म्हणजे रोज शाळेत आणून सोडणारी जी एकच गोष्ट आहे ती नेमकी त्या दिवशी नसते. नीटला तर दुपारी दीडला गेट बंद होतं, उन्हाळ्यातलं मे महिन्यातलं ऊन, पायात बूट चालत नाहीत, पूर्ण बाह्यांचे कपडे नकोत, कानातलं काढा, केसातली पिन काढा. मी एका मुलीबरोबर गेले होते, तिच्या नाकातली चमकी निघेना, शेवटी गेटबाहेर तिच्या आईने साबण लावून काढली, पोरगी रडत आत गेली. नियम का आहेत ते मला कळतं. कॉपी होते, पेपर फुटतात, 2024 चं नीट प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं ते सगळ्यांनी बघितलं. पण अनोळखी गेटावर, अनोळखी माणसांसमोर हे होणं नि आपल्या शाळेच्या वऱ्हांड्यात, आपल्या टीचरसमोर होणं यात फरक आहे.

ते प्रकरण झाल्यावर केंद्र सरकारने इस्रोचे माजी प्रमुख के. राधाकृष्णन यांची समिती नेमली. तिने सुचवलेल्या गोष्टींत केंद्रीय विद्यालयं नि नवोदय विद्यालयं यांत परीक्षा केंद्रं करावीत आणि दुर्गम भागात फिरती केंद्रं न्यावीत असंही आहे. हे वाचून मी खुर्चीतून उठलेच. कारण गोव्यात नवोदय दोनच आहेत, उत्तर गोव्याचं आमच्या वाळपईत नि दक्षिणेचं काणकोणात! म्हणजे गोव्याची जी दोन टोकं सेंटरपासून सगळ्यात लांब, तिथेच दोन्ही शाळा उभ्या आहेत. वीज जाते, नेट जातं हे कारण मला कोणीही देईल, मीच देते, आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस नेट नसतं. पण भाचीकडून कळलं की त्यांच्या अॅपला नेट लागतं ते पेपर सुरू करताना नि शेवटी पाठवताना, मध्ये गेलं तरी पेपर चालू राहतो, उत्तरं लॅपटॉपमध्ये साठत राहतात. म्हणजे उपाय जगात आहे, कोणीतरी मनावर घेतलं पाहिजे.

तोपर्यंत माझ्या हातात काय, तर माझी शाळा. गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी हेडसरांकडे गेले नि म्हटलं, सर, मला एक बुधवार द्या. बारावी सायन्सच्या सगळ्या मुलांची जेईईची पूर्ण पेपराची सराव परीक्षा घेते, नऊ ते बारा, शाळेच्या वेळात. सगळ्यांची, फॉर्म भरणार म्हणून सांगितलेल्यांचीच नाही. सर म्हणाले, ज्यांना द्यायचीच नाही त्यांना कशाला बसवता? मी म्हटलं, तेच बघायचंय. त्यांनी दिला बुधवार, त्याबद्दल त्यांचे उपकार मानते, कारण एका दिवसाचं टाइमटेबल हलवणं म्हणजे काय ते शाळेत काम करणाऱ्यालाच माहीत.

आधीच्या वर्षांचे पेपर नि उत्तरं एनटीएच्या, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या, साइटवर असतात, त्यातला एक घेतला. कॉम्प्युटर लॅबमध्ये अर्ध्या मुलांनाही पुरतील एवढ्या मशीन नाहीत म्हणून कागदावरच घेतली. पियून मामांना सांगितलं की नऊ ते बारा घंटा मारायची नाही. ते चांगलेच गोंधळले, एवढ्या वर्षांत असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, मग प्रत्येक तासाला स्वतः वर्गावर्गात जाऊन हळूच सांगून आले. आठवीची पीटी खालच्या मैदानावर नेली. केमिस्ट्रीच्या टीचर सकाळपासून माझ्याबरोबर बाक लावत होत्या.

वर्गात 38 मुलं, आली 36. फॉर्म भरणार म्हणून सांगितलेली फक्त सात. बालरथ पावणेआठला आली, मुलं रोजच्यासारखी दंगा करत उतरली, कोणी कॅन्टीनमध्ये पाव-भाजी खाल्ली, कोणी वऱ्हांड्यात बसून उजळणी करत होतं, नि पावणेनऊला सगळी आपापल्या बाकावर. मी वर्गातून फिरत होते आणि मला सारखी ती धावत गेलेली मुलगी आठवत होती. एकाचाही हात थरथरत नव्हता. पेपर कठीण होता, दीड तासानंतर काही जणांनी पेन खाली ठेवलं, खिडकीतून बघत बसले, हेही खरं आहे, लपवत नाही.

शेवटच्या रांगेत खिडकीजवळ एक मुलगा बसतो. त्याच्याबद्दल स्टाफरूममध्ये कधी चर्चा होत नाही, ना चांगली ना वाईट. टेस्टला पंचावन्न-साठ टक्के. बाबा दुसऱ्याच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, कामाला, काजूच्या दिवसांत हा पण सकाळी बोंडू गोळा करून मग शाळेत येतो, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये पहिल्या तासाला बहुतेक उशीर. त्याने तीन तास मान वर केली नाही. रफच्या कागदावर त्याचं अक्षर एवढं बारीक की मी जाता जाता वाचू शकले नाही, फक्त दिसलं की एक गणित त्याने तीन वेगवेगळ्या रीतीने करून बघितलंय नि दोन खोडलेत.

रात्री पेपर तपासले. पहिली आली ती अपेक्षित मुलगी, 131. दुसरा हा, 118. मॅथ्समध्ये तर तिच्यापेक्षा पुढे. मी पुन्हा तपासले, मग सकाळी केमिस्ट्रीच्या टीचरना दिले, त्यांचीही बेरीज तीच. सात जण मी आधी मोजले होते, त्यांतले चार पहिल्या दहांत होते. राहिलेले सहा मी कधी मोजलेच नव्हते. माझ्याच वर्गात, माझ्याच समोर, दोन वर्षं.

त्याला बोलावलं नि विचारलं, फॉर्म भरणार म्हणून का नाही सांगितलंस? खाली बघून म्हणाला, "टीचर, ते फॉर्म भरणाऱ्यांसाठी ना." मी म्हटलं म्हणजे? तर म्हणे, "म्हणजे जी मुलं क्लासला जातात त्यांच्यासाठी." फोंड्याला नाहीतर पणजीला कोचिंग क्लासला जाणारी मुलं, असा त्याचा अर्थ. त्याला कोणी नको म्हटलं नव्हतं, पण परीक्षेला बस म्हणूनही कोणी म्हटलं नव्हतं, आणि त्या न म्हणणाऱ्यांत मीही होते. हे लिहिताना आजही मला जड जातं.

त्याच्या बाबांना शाळेत बोलावलं. ते कामावरूनच आले, हातावर सुपारीच्या चिकाचे डाग, खुर्चीवर बसायलाच तयार नव्हते. मी मार्क दाखवले, फर्मागुडीच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजबद्दल सांगितलं, पुढे काय काय होऊ शकतं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं नि एकच विचारलं, "परीक्षा हंयच असतली मूं, शाळेत?" त्यांना वाटलं जशी ती बुधवारी झाली तशीच. मला काही सेकंद उत्तर देता आलं नाही.

नोव्हेंबरात आम्ही लॅबमध्ये बसून फॉर्म भरला, मधल्या सुट्टीत. त्याच्याबरोबर आणखी पाच जणांनी भरला. फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडवर लागतो म्हणून स्टाफरूमच्या भिंतीसमोर उभं करून काढला, सही तीन वेळा करावी लागली कारण अपलोड होईना, ओबीसीचं सर्टिफिकेट आणायला दोन फेऱ्या झाल्या. 900 रुपये फी, ते बाबांनी सुट्या नोटांत मोजून दिले, मी कार्डाने भरले. शेवटी परीक्षेच्या शहराचा रकाना आला. त्याने माउस धरून यादी वरपासून खालपर्यंत सरकवली, परत वर नेली, माझ्याकडे बघितलं.

"वाळपई नाही हां टीचर यात."

"नाही."

पहिली पसंती पणजी केली. पहाटे कोणाची गाडी न्यायची ते आम्ही त्याच दिवशी ठरवून ठेवलं.